संप नऊ दिवस, ड्युटी रोजचीच
वर कोणीतरी लिहिलंय की संप असला की सरळ घरी बसायचं. अहो, आम्ही नर्सेसनी कसं बसायचं? जानेवारी 2019 मध्ये मुंबईत बेस्टच्या बस नऊ दिवस बंद होत्या तेव्हा माझी नाईट चालू होती, सकाळी सुटले की दादर स्टेशनपर्यंत पायपीट, नाहीतर शेअर टॅक्सी, तो दुप्पट मागणार आणि वर चौथी सीट भरेपर्यंत हलणार नाही. ड्रायव्हर-कंडक्टरवर राग नाही हां, पगाराचं दुखणं आम्हालाही कळतं. पण एकदा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीची नर्स, दीड तास उशिरा आली, तेवढ्यात बारा नंबरच्या आजोबांनी सलाईनची सुई तिसऱ्यांदा उपटली, चादरभर रक्त, आणि त्यांचा मुलगा मलाच विचारतो, "सिस्टर, तुमचाही संप आहे का?"