ट्रेकिंगच्या साइटसाठी कीवर्ड: एक टूल म्हणतं स्पर्धा नाही, दुसरं म्हणतं भरपूर. कोणाचं ऐकायचं?

कात्रजचा_घाट
पावसाळी ट्रेकच्या सामानाची अॅफिलिएट साइट (आपल्या लिंकवरून कोणी घेतलं की दुकान कमिशन देतं, तशी) सुरू करायची आहे, मराठीतून. शूज, पोंचो, सॅक, हेडलॅम्प, बस. डोमेन कोरं आहे, टूलवर पैसे घालायची सध्या तयारी नाही. चाळीसेक कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधतात ते शब्द, काढलेत. ‘ट्रेकिंग शूज’ला एका फुकट टूलमध्ये डिफिकल्टी (वर येणं किती अवघड, शंभरपैकी) ३ दिसते, तर गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये त्याच शब्दापुढे ‘स्पर्धा: जास्त’. ‘कातळावर न घसरणारे शूज’ टाकलं तर दोन्हीकडे नुसती रेघ. यातलं घ्यायचं कुठलं आणि सोडायचं कुठलं?

सदाशिव_३०
दोन्ही टूल खरंच बोलतायत, पण तुम्ही विचारलंय त्याबद्दल नाही.

प्लॅनर हे जाहिरातदारांसाठी बनवलेलं टूल आहे. त्यातली ‘स्पर्धा’ म्हणजे त्या शब्दावर किती जण जाहिरातीची बोली लावतायत ते. जाहिरातींखालच्या फुकटच्या निकालांत वर येणं किती अवघड, याच्याशी तिचा संबंध नाही. उपयोग एवढाच की बोली लागतेय म्हणजे त्या शब्दात पैसा आहे.

डिफिकल्टीचं सूत्र प्रत्येक टूलचं वेगळं. अहरेफ्ससारखी टूल मुख्यतः एवढंच मोजतात की पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साइटवरून लिंक आल्यात. आता ‘ट्रेकिंग शूज’ला पहिल्या पानावर अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, डेकॅथलॉनची यादीची पानं बसली असतील, तर त्या एकेका पानाला बाहेरून लिंक जेमतेम असतात. म्हणून आकडा ३. पण गूगलने ठरवून टाकलंय की या माणसाला दुकान हवंय, लेख नको. तिथे तुमचा लेख कितीही चांगला असो, रांगेबाहेरच. नवशिके फसतात ते इथेच.

तेव्हा पहिलं पान स्वतः उघडून बघा. इन्कॉग्निटो विंडो, फोनवरून, कारण वाचणारा फोनवरच असणार. प्रत्येक कीवर्डला एक्सेलमध्ये एक ओळ करा आणि दहा निकालांत काय आहे ते लिहा: दुकानं किती, मोठी वर्तमानपत्रं किती, यूट्यूब किती, कोरा-रेडिटसारख्या प्रश्नोत्तरांच्या साइट किती, तुमच्यासारख्या लहान साइट किती. मग जे लेख आहेत ते उघडा. शीर्षकात नेमका तोच प्रश्न आहे का? तारीख कधीची? शूज पायात घालून लिहिलंय की कंपनीचं वर्णन उतरवलंय? शेवटी त्या पानाचा पत्ता फुकटच्या बॅकलिंक चेकरमध्ये (बाहेरून आलेल्या लिंक मोजणारं टूल) टाका. अख्ख्या डोमेनचा आकडा बघून घाबरू नका, त्या पानाला किती साइटनी लिंक दिली ते बघा.

माझा अंगठ्याचा नियम: दहात निदान तीन जागा कच्च्या हव्यात. कच्ची म्हणजे कोराचं उत्तर, नेमक्या प्रश्नाला बगल देणारा लेख, किंवा चार-पाचपेक्षा कमी साइटची लिंक असलेलं लहान साइटचं पान. दहात पाच-सहा दुकानं असतील तर ती ओळ खोडा, टूलने शून्य दाखवलं तरी.

मुळा_मुठा
वरच्यात भर. मराठीत रेघ म्हणजे शोध नाहीत असं नव्हे, टूलकडे मराठीचा डेटाच तुटपुंजा असतो. गूगलच्या शोधपट्टीत ‘ट्रेकिंग शूज’ लिहून एक जागा सोडा आणि पुढे क, ख, ग टाकत जा. मग कर्सर शब्दाच्या आधी नेऊन तेच करा. खाली सुचवतं ते बहुतेक वेळा कोणीतरी शोधलेलं असतं.

स्पेलिंग सांभाळा. लोक शूज, शुज, बूट तिन्ही लिहितात. टूल त्यांना तीन कीवर्ड धरतं, गूगल बऱ्याचदा एकच. खात्री करायला दोन्ही शोध शेजारी उघडा. दहातले सहा-सात निकाल सारखे आले तर एकच पान लिहा. दोन लिहिलीत तर तुमचीच पानं एकमेकांचे पाय ओढणार. रोमन अक्षरांत मराठी टाइप करणारेही खूप आहेत, तेही तपासा. तिथे सगळे निकाल इंग्रजी येत असतील तर मराठी लेखाने त्या वाटेला जाऊ नये.

आणि ‘ट्रेकिंग शूज पुणे’ यादीत असेल तर काढा. वर नकाशा आणि दुकानं येतात, माणूस गाडी काढून निघालेला असतो.

पेठेतला_पंक्चरवाला
गूगलमध्ये कीवर्डच्या आधी allintitle: लिहून शीर्षकात तो शब्द असलेली पानं मोजा, त्याला महिन्याच्या शोधांनी भागा. ०.२५ च्या आत आलं तर घ्या. शोध २५० च्या आत असलेल्या कीवर्डलाच हे लागू. ३८ पानं, २१० शोध, म्हणजे ०.१८. झालं.

सदाशिव_३०
चाळणी म्हणून ठीक, निकाल म्हणून नाही. गूगल दाखवतं तो आकडा ढोबळ अंदाज असतो. शिवाय जाहिरात चालू नसलेल्या खात्याला प्लॅनर ‘१०० ते १ हजार’ असा पट्टा देतो. ३८ ला १०० ने भागा, ०.३८ येतं आणि कीवर्ड नापास. १ हजारने भागा, ०.०४ च्याही आत. एकच कीवर्ड, भाजकावर पास-नापास. आणि मराठी शीर्षकांत स्पेलिंगचा गोंधळ असल्यामुळे तुमची ३८ पानंही कमीच मोजली गेली असणार.

मुळा_मुठा
एक हिशेबही करून ठेवा. धरा, महिन्याला २०० शोध आणि तुम्ही तिसरे. शंभरात दहा जण क्लिक करतील असं धरलं तर २० वाचक. त्यातले चौथाई दुकानाच्या लिंकवर गेले, ५. विसात एकाने घेतलं तर चार महिन्यांत एक जोडी. २,००० चे शूज, कमिशन समजा ५ टक्के, म्हणजे चार महिन्यांत १०० रुपये. अॅमेझॉनची लिंक २४ तासच धरते, म्हणजे क्लिकनंतर साधारण तेवढ्या वेळात घेतलं तरच कमिशन, हेही लक्षात असू द्या. त्यामुळे एकटा कीवर्ड चांगला की वाईट हे न बघता त्याच्या आजूबाजूला पंधरा-वीस प्रश्न निघतात का ते बघा. शूजमध्ये निघतात: भिजल्यावर वाळवायचे कसे, सोल निघालं तर, रुंद पावलांना कुठले, किल्ल्याच्या पायऱ्यांना की जंगलवाटेला.

कात्रजचा_घाट
धन्यवाद. चाळीसमधले सव्वीस आत्ताच उडाले. उरलेल्यांत ‘पोंचो की रेनकोट’ला कोराची दोन उत्तरं आणि एक जुना लेख आहे. त्यावर माझा लेख मेमध्ये टाकला तर चालेल?

सदाशिव_३०
उशीर होईल. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा आलेख काढा, चढण कुठल्या आठवड्यात सुरू होते ते दिसेल. कोऱ्या डोमेनचं पान वर सरकायला काही महिने जातात, म्हणून फेब्रुवारीतच टाका. मग एप्रिलमध्ये सर्च कन्सोल (तुमची साइट कुठल्या शोधाला कितवी दिसते ते सांगणारं गूगलचं फुकट टूल) उघडून ११ ते ३० क्रमांकावर दिसणारे शोध बघा. त्यातले काही तुम्ही लेखात लिहिलेलेच नसतील. प्रत्येकाला लेखात एक उपशीर्षक द्या आणि खाली सरळ उत्तर लिहा.