ट्रंकवर एक व्हीलॅन जोडला आणि बाकीचे गेले

प्रश्न:
काल रात्री स्विचच्या अपलिंकवर (बाकीच्या नेटवर्ककडे जाणारा ट्रंक पोर्ट, म्हणजे एकाच तारेवरून अनेक व्हीलॅन नेणारा) व्हीलॅन 30 (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क) जोडायचा होता. कमांड रेफरन्स बघून ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30’ टाकली आणि एंटर दाबताक्षणी माझं एसएसएच सेशन (स्विचशी दुरून केलेली जोडणी) गोठलं. मॅनेजमेंट व्हीलॅन 10 वर आहे, तोच बंद. थेट स्विचला लावायची कन्सोल केबल घेऊन धावावं लागलं. कमांड तर पुस्तकातलीच होती, मग चुकलं कुठे?

उत्तर 1:
‘ॲड’ राहिलं. सिस्को आयओएसमध्ये (सिस्को स्विचच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘ॲड’शिवाय दिलेली यादी जुन्या यादीच्या जागी बसते, तिच्यात मिसळत नाही. ‘अलाउड व्हीलॅन ॲड 30’ हवं होतं. रेफरन्समध्ये लोक फक्त सिंटॅक्सची ओळ उचलतात, पण खरा जीव खालच्या वापराच्या सूचनांत आणि डीफॉल्टमध्ये असतो. महिरपी कंसातलं एक निवडावंच लागतं, चौकोनी कंसातलं ऐच्छिक. एवढं कळलं की निम्मं पान वाचता येतं.

उत्तर 2:
दूरच्या स्विचवर काम करताना मी आधी कॉन्फिग (स्विचची सेटिंग्ज) सेव्ह करतो, मग ‘रीलोड इन 10’ लावतो, आणि त्यानंतरच बदल करतो. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या स्टार्टअप कॉन्फिगवर परत येतो. सगळं नीट असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ आठवणीने द्या, नाहीतर चालू पोर्टही पडतील.

प्रश्नकर्ता:
‘ॲड’ने जमलं. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’मध्ये 10, 20, 30 तिन्ही दिसतायत. पान पुन्हा उघडलं, ‘ॲड’ तिथेच लिहिलेलं होतं. आता ‘शो व्हर्जन’ बघून त्याच आवृत्तीचा रेफरन्स उतरवून ठेवतोय.