मदत हवी आहे: गोदीतल्या बिल्ल्याची नोंद कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडचे. परवा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली, त्यात आजोबांचा पितळी बिल्ला सापडला. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात, नंबराचे शेवटचे दोनच आकडे लागतात. आजोबा मुंबईत अलेक्झांड्रा डॉकला होते, म्हणजे आताचं इंदिरा डॉक. ही गोदी १९१४ मध्ये सुरू झाली. तिच्या खोदकामातली माती भरावाला घालून बॅलार्ड इस्टेट उभं राहिलं, आराखडा जॉर्ज विटेट यांचा. कचेऱ्यांच्या त्या देखण्या रस्त्यांखाली गोदीचीच माती आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा स्फोट झाला, तेव्हा आजोबा रात्रपाळी करून खोलीवर झोपले होते, म्हणून वाचले, असं आजी सांगायची.

गोदी कामगारांची जुनी हजेरीपुस्तकं किंवा बिल्ल्यांच्या नोंदी कुणी पाहिल्यात का? अर्ज कुठे करायचा? आणि आगबोटीने मुंबईला गेलेली माणसं ज्यांच्या घरात अजून आहेत, त्यांनी कृपया कळवा. गणपतीआधी मी स्वतः येऊन भेटेन.