मागचं चाक घरी काढलं, बसवलं, आणि फरशीवर काय उरलं?

धागा काढायचं कारण आधी सांगतो. परवा रविवारी सकाळी मिसळ खायला निघायचं म्हणून गाडी काढली तर मागचं चाक पार बसलेलं. जुनी स्प्लेंडर, ट्यूबवाली. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला रविवारी अकराच्या आत उगवत नाही आणि इंदिरानगरच्या बोगद्यापर्यंत ढकलत न्यायचा कंटाळा, म्हटलं आपणच चाक काढू आणि नुसतं चाक बायकोच्या स्कूटीवर ठेवून नेऊ. डबल स्टँडवर लावली, ब्रेक रॉडचा नट काढला, स्प्रिंग आणि पिन वाटीत ठेवली, ब्रेक प्लेटला (ब्रेकच्या ड्रमचं झाकण) धरून ठेवणारी पट्टी सोडली, एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आरपार जाणाऱ्या रॉडचा, नट सोडून तो ओढला, चाक उजवीकडे तिरकं केलं की बाहेर. बारा मिनिटं. बायकोला गॅलरीतून बघायला बोलावलं एवढा माज आला होता.

पंक्चर काढून आणल्यावर बसवायला दीड तास. चाक आत घालताना त्याच्यातली कपलिंग रबरं आणि स्प्रॉकेटकडची (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राकडची) नखं एकमेकांत बसायला पाहिजेत, त्याच वेळी ब्रेक प्लेट गळून पडता कामा नये, त्याच वेळी एक्सल आरपार गेला पाहिजे, आणि माणसाला हात दोन. शेवटी चपलेचा पंजा चाकाखाली घालून चाक बोटभर उचललं तेव्हा कुठे भोकं समोरासमोर आली. सगळं आवळलं. मिसळ गेली ती गेली.

संध्याकाळी आई हातात एक लोखंडी कडं घेऊन आली, "हे तुझं आहे का रे? मिक्सरचं समजून मी ओट्यावर ठेवलं होतं." स्पेसर! ब्रेक प्लेट आणि चिमट्याच्या मधला (मागचं चाक दोन्हीकडून धरणाऱ्या स्विंग आर्मला आमचा मेकॅनिक चिमटाच म्हणतो). तोवर त्याच्याशिवाय मी दोनदा दूध आणायला जाऊन आलो होतो आणि गाडी मागून डुलतेय त्याचं खापर रस्त्यातल्या खड्ड्यांवर फोडलं होतं.

तर तुमचं काय उरलं, काय फसलं ते लिहा. सल्ले द्या, पण आधी स्वतःची फजिती.

सिडकोचा टर्नर:
स्पेसर सगळ्यांचाच राहतो, त्यात काय एवढं. 19 वर्षं अंबडला लेथवर आहे तरी माझाही राहिलाय. तुम्ही एक गोष्ट मात्र नकळत बरोबर केली, स्लीव्ह नटला हात लावला नाही. स्प्लेंडरसारख्या गाडीला चेनच्या बाजूला दोन नट असतात, बाहेरचा एक्सलचा आणि त्याच्या आतला मोठा, तो स्लीव्ह नट. मोठ्याला छेडलं नाही तर स्प्रॉकेट आणि चेन चिमट्यावर जागच्या जागी राहतं आणि नुसतं चाक निघतं. लोक जोशात तोही सोडतात, मग चेन लोंबते, चेन ताणायचे ॲडजस्टर हलतात आणि सकाळचं काम दुपारच्या जेवणापर्यंत जातं. चेन ताणायची असेल तेव्हा मात्र दोन्ही नट ढिले करावेच लागतात.

आता माझी फजिती. चिमट्यावर दोन्हीकडे रेघा मारलेल्या असतात ना, त्या सारख्या ठेवल्या की चाक सरळ, असा माझा समज. ठेवल्या. दोन-तीन महिन्यांनी बघतो तर स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने घासून चकाकतायत. कंपनीतल्यासारखी मोठी स्टील पट्टी घेऊन चिमट्याच्या पुढच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत मोजलं, डावं-उजवं 2 मिमीचा फरक. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे जॉब मायक्रॉनमध्ये मोजायचे आणि घरच्या गाडीला छापलेल्या रेघांवर विश्वास ठेवायचा. तेव्हापासून पट्टी.

जेलरोडची ताई:
आमचे बाबा प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला. सुट्टीच्या दिवशी गाडी खोलायची आणि आम्हा दोघा भावंडांना रॉकेलची बशी आणि जुना टूथब्रश द्यायचा, हा त्यांचा कार्यक्रम. काम झालं की एकच प्रश्न, "वाटीत स्प्लिट पिन उरली का?" जेवलीस का विचारावं तसं.

भावाने एकदा त्यांच्या मागे एकट्याने चाक बसवलं. वर ज्यांनी पट्टी म्हटलंय ना, ब्रेक प्लेटपासून चिमट्याला जाते ती, तिचा नट लावला पण तो गळू नये म्हणून घालायची ती पिन घातली नाही. चार-पाच दिवस काहीच झालं नाही. मग द्वारकेच्या सिग्नलला ब्रेक मारला, तोवर हादऱ्यांनी नट कुठेतरी गळून पडलेला, पट्टी सुटली, ब्रेक प्लेट चाकाबरोबर गरकन फिरली, ब्रेक रॉड चमच्यासारखा वाकला आणि चाक जाम. मी मागे बसले होते आणि आमच्या मागे एसटी. नशीब सिग्नल लाल होता त्यामुळे सगळेच हळू होते. ब्रेकचा सगळा जोर ती एक पट्टी पेलत असते हे त्या दिवशी कळलं. आणि जुनी पिन पक्कडीने सरळ करून परत घालू नका, वाकवलेल्या जागी ती तुटते. नवीन चहापेक्षा स्वस्त मिळते.

ज्यांनी स्पेसर विसरला त्यांना विचारते, ब्रेक नीट लागतोय का? एक्सल आवळताना दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं, म्हणजे शू (ब्रेक दाबला की ड्रमला आतून टेकतात ते) ड्रमच्या मधोमध बसतात. नाहीतर एक शू घासतो आणि दुसरा नुसता पाहुणा. ड्रममधली काळी पूड तोंडाने फुंकायची नाही हेही बाबांचंच, ओल्या फडक्याने पुसायची.

दिंडोरीकडून:
टर्नर भाऊ, पट्टी कशाला पायजे, आमच्याकडं बागेत ओळ आखायला नायलॉनची दोरी असती. मागच्या टायरला मागून वेढा घालायचा, दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणून आणायची, दोरी मागच्या टायरच्या कडेला पुढं-मागं दोन्हीकडं टेकली पायजे. पुढचा टायर बारीक असतो त्यामुळं दोरी आणि त्याच्यामधी फट राहती, हँडल सरळ धरून ती फट दोन्हीकडं सारखी आली म्हणजे चाक सरळ. दोरी जमिनीपासून शक्य तेवढी उंच घ्या, डबल स्टँडला अडकली की सगळा हिशोब चुकतो. मी एकदा तशीच अडकलेल्या दोरीवरनं चाक "सरळ" केलं आणि ऐन छाटणीच्या दिवसात पिंपळगावपर्यंत गाडी तिरकी चालवली. मजूर मागं बसून हसत होता, मला वाटलं माझ्या टोपीला हसतोय.

पाथर्डी फाटा, पार्किंग नंबर 14:
ड्रमवाल्यांनो, तुम्ही सुखी आहात. माझ्या गाडीला मागे डिस्क. चाक काढलं, कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅडने दाबणारा भाग) सुतळीने वर बांधून ठेवला (नळीवर लोंबकळत ठेवू नका, एवढं वाचलं होतं), सगळं शिस्तीत. तेवढ्यात शेजारच्यांचा मुलगा, वय वर्षं सहा, आला आणि त्याने काय केलं असेल? ब्रेकचा पेडल. एकदा नाही, मजा वाटली म्हणून चार-पाचदा. मधे डिस्क नाही म्हटल्यावर पिस्टन पुढे आले आणि पॅड एकमेकांना चिकटले, आता डिस्क आत जाणार कुठून. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण ढिलं करून, खाली फडकं धरून, जुना पॅड मधे घालून पिस्टन हळूहळू मागे रेटले. पाऊण तास गेला. ते ऑइल रंगावर पडलं की रंग जातो, माझ्या साइड पॅनलवर त्याची खूण आहे. आता चाक निघालं की पहिल्यांदा पॅडच्या मधे जाड पुठ्ठा. ज्यांच्या गाडीला मागेही एबीएस आहे त्यांनी सेन्सरची वायर कुठून कशी गेलीय त्याचा आधी फोटो काढून ठेवा, ती बारीक असते आणि चाक ओढताना पहिली तीच अडकते.

रोज त्र्यंबक अपडाऊन:
माझं काही उरलं नाही कारण माझं चाक निघालंच नाही. त्र्यंबकचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, पाच पावसाळे गाडी त्यात आणि एक्सलला कधी ग्रीस नाही. नट सुटला, रॉड ढिम्म. मग घेतला हातोडा आणि ठोकला थेट आट्यांवर. टोक भजीसारखं फुगलं, आता रॉड मागेही जाईना आणि नटही चढेना. शेवटी टेम्पोत घालून गाडी गॅरेजला, शेजाऱ्यांसमोर. ठोकायचंच असेल तर नट आट्यांच्या टोकाबरोबर येईल इतका परत चढवायचा आणि मधे लाकडाचा ठोकळा धरायचा, आणि आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं, हे गॅरेजवाल्याने नंतर सांगितलं. हसत हसत सांगितलं. नवीन एक्सल ग्रीस लावून घातलाय.

नाशिकरोड, फक्त वाचक:
चेन लॉकवाली, म्हणजे जोडाला क्लिप असलेली, असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते तिकडे. मी उलटी लावली होती. देवळालीच्या रस्त्यात क्लिप उडाली, चेन रस्त्यावर सापासारखी पडलेली. बस, एवढंच.

गंगापूर रोडचे काका:
वाचतोय मघापासून. एवढा उद्योग करण्यापेक्षा मेकॅनिकला का देत नाही तुम्ही लोक? त्याचंही पोट आहे.

धागाकर्ता:
काका, देतो की, इंजिनला आपण कुठे हात लावतो. पण सप्तशृंगी गडावरून उतरताना रात्री आठला टायर बसला तर मेकॅनिक कुठून आणू, म्हणून अंगणात शिकून घेतोय. आणि खरं सांगू का, आमच्या मेकॅनिकलाच मी स्पेसरची गोष्ट सांगितली तर त्याने ड्रॉवर उघडून दाखवला, आत निरनिराळ्या गाड्यांचे नऊ-दहा स्पेसर. म्हणाला, लोक चाक हातात घेऊन येतात आणि हे घरी विसरतात.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आज परत खोललं. स्पेसर घातला, पट्टीला नवीन पिन घातली, बायकोने पेडल दाबून धरला तेव्हा एक्सल आवळला. चेन एका जागी ठीक वाटली पण चाक फिरवून बघितलं तर दुसऱ्या जागी ताठ होती, म्हणून सगळ्यात ताठ जागा धरून अंदाजे 25 मिमी ढील ठेवली. पस्तीस मिनिटं लागली. वाटी रिकामी आहे. फरशीवर ग्रीसचा काळा गोल उरलाय तेवढा, त्यावर आईने सध्या पायपुसणं सरकवलंय.