मदत हवी आहे: रिओच्या सालीतली 'रिकामी' जागा आणि गुणसूत्रांच्या मोजणीचा घोळ

नमस्कार मंडळी,

बऱ्याच वर्षांनी जीवशास्त्र पुन्हा हातात घेतलंय. व्याख्या पाठ होतात, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की गाडी अडते. दोन ठिकाणी अडकलेय, जाणकारांनी सोडवावं.

पहिलं रससंकोचाचं, म्हणजे खारट द्रावणात पेशीतला ऐवज आक्रसतो त्याचं. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या खालच्या बाजूची जांभळी साल काढून पाण्याच्या थेंबात पाहिली. पेशी काठोकाठ जांभळ्या. मग वरच्या काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाचं द्रावण सोडलं आणि दुसऱ्या कडेने टिपकागद लावून पाणी ओढून घेतलं. थोड्याच वेळात रंग कोपऱ्यांपासून सुटायला लागला आणि बघता बघता प्रत्येक पेशीत एक आक्रसलेला जांभळा गोळा उरला. भित्तिका (पेशींच्या बाहेरच्या भिंती) मात्र जागच्या जागी. इथवर ठीक. पण भित्तिका आणि गोळा यांच्यामध्ये जो बिनरंगी भाग दिसतो, तिथे असतं काय? हवा? निर्वात? वहीत 'रिकामी जागा' लिहिलं तर त्यावर लाल फुली आली, कारण काही सांगितलं नाही.

याच्याच पोटातला उपप्रश्न: विसरण (पदार्थाचं पसरणं) जास्तीकडून कमीकडे, मग परासरण (पटलातून पाण्याचं जाणं) कमीकडून जास्तीकडे कसं? पाण्याला उलटं चढायला ऊर्जा कोण देतं?

दुसरं कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या पेशीविभाजनाचं. कांद्याची गुणसूत्रं १६. मध्यावस्थेत (गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात तेव्हा) प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड, म्हणजे जुळ्या काड्या, मग १६ म्हणायचं की ३२? आणि पश्चावस्थेत (त्या काड्या दोन टोकांकडे जातात तेव्हा)? मी आतापर्यंत तीन वेगवेगळी उत्तरं लिहिली आणि तिन्ही चुकली. हा एक विक्रमच असावा.

— उशिरा_उगवलेली

मुळारंभ:

ताई, फुली बरोबर आहे, पण कारण न सांगता मारलेली फुली काय कामाची! त्या जागेत तुम्हीच सोडलेलं मिठाचं पाणी आहे. भित्तिका सेल्युलोजची, जाळीसारखी. तिच्यातून पाणीही जातं आणि मीठही. अडवणूक होते ती आतल्या प्रद्रव्यपटलाशी, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाशी. पटलाचा मधला थर मेदाचा, आणि सोडियम-क्लोराइडचे आयन विद्युतभारित, त्यामुळे त्यांना तिथून सहज वाट मिळत नाही. पाण्याचे रेणू मात्र थोडे मेदातून आणि बरेचसे ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांतून पार होतात. या नळ्या शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जांभळा रंग असतो रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत. तोही बाहेर पडू शकत नाही, म्हणून गोळा लहान होताना आणखी गडद दिसतो. पुन्हा स्लाइड लावाल तेव्हा मुद्दाम बघा.

ऊर्जेचा प्रश्न हा शब्दांचा खेळ आहे. 'कमीकडून जास्तीकडे' म्हणताना आपण मीठ मोजतो आणि चालतं मात्र पाणी. पाणीच मोजा. पेशीच्या आत त्याचं प्रमाण जास्त, बाहेरच्या खारट द्रावणात कमी. म्हणजे तेही उतारानेच जातं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणूही लागत नाही.

खरी चढण बघायची असेल तर प्राण्यांच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप बघा. एटीपीचा एक रेणू खर्चून तो ३ सोडियम बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कौ यांनी १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना त्याचा माग काढला, नोबेल मिळालं थेट १९९७ मध्ये.

तुर्कतंतू:

गुणसूत्रांचं मी बघतो. नियम एकच: गुणसूत्रबिंदू (क्रोमॅटिड जोडलेले असतात ती जागा) मोजा, काड्या मोजू नका. मध्यावस्थेत दोन क्रोमॅटिड एकाच ठिकाणी जोडलेले, म्हणून गुणसूत्रं १६ आणि क्रोमॅटिड ३२. पश्चावस्थेत जोड सुटला की प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र गुणसूत्र झालं. त्या घटकेला अख्ख्या पेशीत ३२, दोन्ही टोकांना सोळा-सोळा. पेशी दुभंगली की पुन्हा १६.

तुमचा तिसरा चुकलेला आकडा बहुधा डीएनएच्या मापातून आला असेल. विभाजनाआधी डीएनए दुप्पट होतो, पण गुणसूत्रांची संख्या तेव्हा वाढत नाही. आणि हे सगळं सूत्री विभाजनाचं, ज्यात गुणसूत्रांची संख्या कायम राहते. संख्या निम्मी करणाऱ्या अर्धसूत्रीच्या पहिल्या फेरीत जोड सुटतच नाही, सजातीय जोडीदार (आईकडचं आणि वडिलांकडचं सारखं गुणसूत्र) वेगळे होतात. म्हणून तिथे प्रत्येक टोकाला ८ गुणसूत्रं जातात, दोन-दोन क्रोमॅटिडसकट.

उशिरा_उगवलेली:

दोघांचेही आभार! गुणसूत्रबिंदूचं डोक्यात पक्कं बसलं. आता आगाऊपणा करून आणखी एक विचारते. पटलातलं वहन आणि पेशीविभाजन हे दोन धडे एकत्र का शिकवतात? मला तर एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध दिसत नाही.

मुळारंभ:

संबंध तुमच्या कांद्याच्याच स्लाइडवर आहे. अंत्यावस्थेतली (विभाजनाच्या शेवटच्या टप्प्यातली) पेशी शोधा, दोन केंद्रकांच्या मधोमध एक पुसट आडवी रेघ दिसेल. प्राण्याची पेशी मध्ये आवळून दुभंगते. वनस्पतीला भित्तिका असल्यामुळे ते जमत नाही. मग गॉल्जी पिंडाकडून (पेशीतल्या माल बांधणाऱ्या भागाकडून) भित्तिकेचं सामान भरलेल्या पुटिका, म्हणजे छोट्या पिशव्या, मधल्या पट्ट्यात येतात आणि एकमेकींत मिसळतात. आतलं सामान नव्या भित्तिकेला लागतं आणि पुटिकांचं स्वतःचं पटल हेच दोन्ही बाजूंचं नवं प्रद्रव्यपटल होतं. एरवी माल पेशीबाहेर टाकायची जी पद्धत, तीच इथे भिंत बांधायला वापरलेली. मला विचाराल तर अख्ख्या विभाजनात बघण्यासारखं हेच आहे, पण सगळे गुणसूत्रांच्याच मागे लागतात.

शिवाय आकाराचं गणित आहेच. १ मिलिमीटर बाजूचा घन घ्या, पृष्ठभाग आणि आकारमान ६ ला १. बाजू ३ मिलिमीटर केली की तेच २ ला १. आतली गरज वाढते, देवाणघेवाणीला पटल त्या मानाने पुरत नाही, म्हणून पेशी फार मोठी होण्याऐवजी दुभंगते.

उशिरा_उगवलेली:

आज दोन्ही स्लाइड परत केल्या. आडवी रेघ सापडली, तिसऱ्या प्रयत्नात! रिओवर मिठानंतर साधं पाणी सोडलं तर बऱ्याच पेशी पुन्हा भरल्या. पण आधीची एक स्लाइड मिठात तशीच विसरून राहिली होती. तिच्यातल्या काही पेशी भरल्याच नाहीत, उलट रंग पसरून फिका झाला. माझं काही चुकलं का?

तुर्कतंतू:

मिठात फार वेळ राहून त्या पेशी मेल्या. पटलच फाटलं, मग रंग कोण अडवणार? वहीत तसंच लिहा, आणि किती वेळ विसरला होतात तेही.