इंटरफेरॉन बाद झालेलं नाही
इंटरफेरॉन म्हणजे आपलं शरीर विषाणूविरुद्ध बनवतं ते प्रथिन; औषध म्हणूनही ते देतात. त्याच्याबद्दल दोन मुद्दे ऐकू येतात: ते विषाणूला थेट मारतं, आणि आता ते कालबाह्य झालंय. पहिला चूक आहे. ते विषाणूला हातही लावत नाही. लागण झालेली पेशी ते सोडते, त्यामुळे शेजारच्या पेशी सावध होऊन प्रथिनं बनवण्याचं काम आवरतं घेतात आणि विषाणूला प्रती काढणं जड जातं. फ्लूतली कणकण, अंगदुखी हीही बरीचशी त्याचीच करामत.

कोथरूडच्या आमच्या मामांना हिपॅटायटिस सी ह्या यकृताच्या विषाणूजन्य आजारासाठी ते चालू होतं. आठवड्याला पोटावर एक इंजेक्शन, जोडीला रिबाविरिन ह्या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या. शनिवारी रात्री टोचून घ्यायचे, म्हणजे ताप रविवारी उरकायचा. चिडचिड इतकी, की मामी म्हणायची, "ह्यापेक्षा कावीळ परवडली!" पुढे सोफोसबुविरच्या स्वस्त गोळ्या आल्या आणि तिथलं इंटरफेरॉन खरंच मागे पडलं.

रक्ताच्या आजारांत मात्र नाही. १९८६ साली हेअरी सेल ल्युकेमिया ह्या रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ह्या औषधाचा नवा, जास्त काळ टिकणारा प्रकार २०२१ मध्ये तिथेच पॉलिसायथेमिया व्हेरासाठी, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी फार वाढण्याच्या आजारासाठी, मंजूर झाला. ह्या आजाराच्या गरोदर बाईला हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचं नेहमीचं औषध द्यायचं टाळतात, तेव्हा औषध लागलंच तर डॉक्टर इंटरफेरॉनकडेच वळतात.