'संप' म्हणायचं की 'टाळेबंदी'?

प्रश्न : माझा भाऊ बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. पोरांनी युनियन काढायचं ठरवलं आणि आठवड्यात गेटला कुलूप, आत कुणालाच घेतलं नाही. पण गल्लीत जो तो विचारतोय, "तुमच्यात संप करूलालेत न्हवं?" अहो संप कुणी केलाच नाही! श्रम खात्याच्या अर्जात नेमका कुठला शब्द लिहू?

उत्तर 1 : टाळेबंदीच लिहा, 'काम बंद' सुद्धा लिहू नका, त्यात कुणी बंद केलं तेच कळत नाही. संप कामगाराचा, टाळेबंदी मालकाची, 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात दोन्हीच्या व्याख्या वेगवेगळ्या होत्या, त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही तशाच वेगळ्या आहेत. फरक पगारात पडतो, संप कायदेशीर आणि रास्त ठरला तरच त्या दिवसांचा पगार मागता येतो, उलट टाळेबंदी बेकायदा ठरली तर पगाराचा बोजा मालकावर येऊ शकतो. आणि 'युनियन काढाल तर टाळं ठोकीन' ही नुसती धमकी पण 'अनुचित कामगार प्रथा', म्हणजे कायद्यानं मनाई केलेली वागणूक आहे, तसंच युनियन मोडायला ऐन वेळी पगारवाढ देणं, वर्षानुवर्षं लोकांना बदली (दुसऱ्याच्या जागेवरचा) कामगार किंवा टेम्परवारी म्हणून ठेवणं हे सगळं त्याच यादीत येतं. एक सांभाळा, कागल-चंदगडकडचे मित्र अनुचित कामगार प्रथांवरच्या 1971 च्या कायद्याचं सांगतील, तो महाराष्ट्राचा, आपल्याकडं चालत नाही.

उत्तर 2 : संप हा शब्द मला फार आवडतो. गुजरातीत संप म्हणजे एकी! कन्नडमध्ये मुष्कर म्हणतात. हरताळ वेगळा, तो हाट आणि टाळं यातून आला असं सांगतात, म्हणून दुकानं बंद असली की हरताळ. 'नियमाला हरताळ फासला' मधला हरताळ मात्र पिवळा खनिज रंग आहे, पोथीतली चुकलेली अक्षरं त्यानं झाकायचे. मालकानं कायद्याला फासला तो हा.

उत्तर 1 : आणि पुढं खरोखर संप करायची वेळ आली तर 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 14 दिवसांची नोटीस आहे, निम्म्या लोकांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तरी तो संपच धरतात, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्नकर्ता : लई उपकार झाले. अर्जात दोन ठिकाणी 'संपकाळात' लिहिलं होतं ते आत्ताच खोडलं, उद्या कन्नड प्रत करताना पण तिथं मुष्कर येऊ देणार नाही.